अपाचे की एनजिनएक्स, लिनक्स की फ्रीबीएसडी? आधी पीएचपीच्या प्रोसेस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावचं बातम्यांचं पोर्टल, वर्डप्रेसवर चालणारं. भाड्याचं व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला वेगळा काढलेला वाटा), २ कोअर आणि ४ जीबी मेमरी, त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), पानं पुरवणारा वेब सर्व्हर अपाचे आणि डेटाबेस मायएसक्यूएल. एरवी साइट व्यवस्थित चालते, पण दहावी-बारावीचा निकाल किंवा मतमोजणी असली की बसते आणि ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ अशी पाटी झळकते. विचारलंय असं की अपाचे सोडून एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर जावं का, नेटफ्लिक्स वापरतं म्हणून फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी का, आणि एक ओळखीचे विंडोज सर्व्हर सुचवताहेत त्यांचं ऐकावं का.

एनजिनएक्सवर जायला हरकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलू नका. विंडोज तर नकोच. पण नुसतं एवढं करून पुढच्या निकालाला साइट तग धरेल असं समजू नका, कारण ती बसते ते कारण वेगळं आहे. ते कागदावर मांडून दाखवतो.

उबुंटूवर अपाचेच्या जोडीला पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) मॉड्यूल टाकलं की अपाचे ‘प्रीफोर्क’ पद्धतीवर जातो. या पद्धतीत एका जोडणीला एक अख्खी प्रोसेस (चालू प्रोग्रॅमची एक प्रत) लागते, आणि प्रत्येक प्रोसेस आपल्या पोटात पूर्ण पीएचपी घेऊन बसते. अशा जास्तीत जास्त किती प्रोसेस उघडायच्या याचा आकडा उबुंटू आणि डेबियनच्या तयार कॉन्फिग फाइलमध्ये १५० असतो. प्लगइनं भरलेल्या वर्डप्रेसची एक प्रोसेस ५० ते ८० एमबी सहज खाते. ६० धरू. १५० गुणिले ६० म्हणजे ९,००० एमबी. तुमच्याकडे आहेत ४,०००, त्यातला हजारभर मायएसक्यूएलचा. म्हणजे पन्नासेक प्रोसेस होईतोवर मेमरी संपते, मशीन स्वॅपवर (मेमरी म्हणून वापरलेल्या डिस्कवर) जातं आणि सगळंच रांगायला लागतं. पुढे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोणाला तरी मारून जागा मोकळी करतो, आणि मारताना तो सहसा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला निवडतो. ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल असते. म्हणून तुम्हाला डेटाबेसची पाटी दिसते. खात्री करायची तर साइट बसल्यावर रीस्टार्ट मारायच्या आधी ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींची शेवटची पानं बघा. ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे ‘मायएसक्यूएलडी’ असं दिसलं तर डेटाबेस बिचारा निर्दोष आहे.

(मेमरी मोजताना ‘टॉप’ या कमांडमधला आरईएसचा (म्हणजे आरएसएसचा) रकाना जसाच्या तसा धरू नका. ऑपकॅशसारखी (तयार पीएचपी कोडचा साठा) सामायिक मेमरी त्यात प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. पीएसएसचा (सामायिक मेमरी वाटून मोजणारा) आकडा घ्या, ‘एसमेम’ नावाची छोटी कमांड तो देते.)

आता यात ‘कीप-अलाइव्ह’ची भर घाला. ब्राउझरला पान मिळालं तरी तो जोडणी लगेच सोडत नाही, अपाचे ठरलेल्या सेटिंगनुसार आणखी ५ सेकंद वाट बघतो. प्रीफोर्कमध्ये या ५ सेकंदांत ६० एमबीची प्रोसेस काहीच न करता अडकून राहते. खानावळीत जेवण उरकलेला माणूस बडीशेप चघळत टेबल अडवून बसतो आणि दाराशी रांग वाढत जाते, तसलाच प्रकार. एनजिनएक्स बसवल्यावर ‘काय वेग आला!’ असं लोक म्हणतात, त्यातला बराचसा चमत्कार हे टेबल मोकळं होण्याचा असतो.

एनजिनएक्स जन्मालाच त्यासाठी आला. एका मशीनवर दहा हजार जोडण्या कशा पेलायच्या हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. रशियात रॅम्बलर या पोर्टलवर काम करणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये एनजिनएक्स लिहायला घेतला आणि २००४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. प्रत्येक कोअरला एक वर्कर, आणि तो एकटा हजारो जोडण्या सांभाळतो. कोणत्या जोडणीवर हालचाल झाली हे लिनक्सवर ईपोल आणि फ्रीबीएसडीवर केक्यू सांगतं. निवांत बसलेल्या जोडणीची किंमत एमबीत नाही, केबीत मोजावी लागते.

मात्र अपाचेवाले हातावर हात ठेवून बसले नव्हते. २०१२ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीपासून त्यांची ‘इव्हेंट’ पद्धत पक्की झाली, आणि त्यातही रिकाम्या जोडण्या एका वेगळ्या धाग्याकडे सोपवल्या जातात. पीएचपी मॉड्यूल काढा, पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा स्वतंत्र प्रोग्रॅम) वेगळं चालवा, अपाचेला इव्हेंटवर आणा, की तुमच्या आकाराच्या साइटला दोन्हींत फरक जाणवणारही नाही. ‘अपाचे स्लो आहे’ असं कोणी म्हणालं की मी आधी तो कोणत्या पद्धतीवर चालतोय ते विचारतो. प्रीफोर्कवर एचटीटीपी-२ (ब्राउझर आणि सर्व्हरच्या संवादाची नवी पद्धत) सुद्धा चालत नाही, तेवढ्या एका कारणानेही त्याला निरोप द्यावा.

मग एनजिनएक्सला हरकत नाही असं का म्हणालो? त्याच्या कॅशसाठी, म्हणजे तयार पानांच्या साठ्यासाठी. तिथे येण्याआधी एक गुणाकार अजून करावा लागेल.

वर्डप्रेसचं एक पान कॅश नसताना तयार व्हायला प्रोसेसरचा समजा २०० मिलिसेकंद वेळ लागतो. प्लगइनांची गर्दी असेल तर जास्तच. एका कोअरला सेकंदाला पाच पानं, दोन कोअरना दहा. संपलं. पुढे अपाचे असो, एनजिनएक्स असो, खाली लिनक्स असो की फ्रीबीएसडी, सेकंदाला दहा पानांच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. दुपारी एक वाजता निकाल लागला आणि सेकंदाला तीनशे लोक आले तर दोनशे नव्वद रांगेत उभे राहणार. त्यामुळे ‘कोणता सर्व्हर वेगवान’ या वादापेक्षा ‘किती मागण्या पीएचपीपर्यंत पोचूच द्यायच्या नाहीत’ हा हिशोब जास्त कामाचा आहे.

एनजिनएक्समध्ये फास्टसीजीआय कॅश नावाची सोय आहे. पीएचपीने एकदा बनवलेलं पान ती डिस्कवर ठेवते आणि पुढच्याला तेच देते. बातम्यांच्या पोर्टलला १० सेकंदांची मुदतसुद्धा पुरते. संपादकाने बातमी बदलली की वाचकाला ती फार तर दहा सेकंद उशिरा दिसते, आणि तीनशेच्या हिशोबाने त्या दहा सेकंदांत एकाच पानासाठी आलेल्या तीन हजार मागण्यांना पीएचपी एकदाच चालतं. सोबत दोन गोष्टी चालू करायच्याच. एक, कॅश लॉक. पान अजून कॅशमध्ये नसताना शंभर जण एकदम आले तर शंभरांसाठी पान बनवायचं नाही, एकासाठी बनवायचं आणि बाकीच्यांनी तेवढं थांबायचं. दुसरी, शिळं पान देण्याची परवानगी. मुदत संपलेलं पान नव्याने बनत असेल, किंवा पीएचपी किंवा डेटाबेस पडला असेल, तर जुनं पान द्या, पण ५०२ची (मागचा प्रोग्रॅम उत्तर देत नसल्याची) पाटी दाखवू नका. वाचकाला पाच मिनिटांपूर्वीचा मतमोजणीचा आकडा दिसला तर तो रागावेल, पण निघून जाणार नाही.

इथे एक खोच आहे. कॅश चालू केली आणि तरी काहीच फरक पडला नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ हेडर जात असेल तर एनजिनएक्स ते पान साठवत नाही, आणि बरोबरच करतो, नाहीतर एकाचं लॉगिन दुसऱ्याच्या हातात पडायचं. पण एखादं फॉर्मचं किंवा जाहिरातीचं प्लगइन प्रत्येक वाचकासाठी पीएचपी सेशन उघडतं, त्यामुळे प्रत्येक पानाला कुकी चिकटते आणि कॅश कायमची रिकामी राहते. म्हणून कॅशची स्थिती सांगणारं एक हेडर उत्तरात घालून घ्या आणि कर्ल या कमांडने तेच पान दोनदा मागवा. दुसऱ्या वेळी ‘हिट’ आलं पाहिजे. ‘मिस’ येत राहिलं तर एकेक प्लगइन बंद करत दोषी शोधा. लॉगिन केलेल्या माणसांना मात्र कॅशमधून वगळायचं, नाहीतर तुमच्याच संपादकांना गोंधळ झाल्यासारखं वाटेल.

कॅश नीट चालायला लागली की वर्डप्रेसचं वेळापत्रक अडखळू शकतं, कारण त्याची क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं कोणीतरी पीएचपीपर्यंत पोचलं तरच चालतात. ती बंद करून लिनक्सच्या खऱ्या क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवा.

एफपीएममध्ये पीएचपीच्या जास्तीत जास्त किती प्रोसेस ठेवायच्या तो आकडा आता मांडू. ४,००० एमबीतून मायएसक्यूएलचे १,००० आणि सिस्टिम, एनजिनएक्स, फाइल कॅश यांचे ८०० काढले तर २,२०० उरतात. भागिले ६०, म्हणजे छत्तीस. मी २५ ठेवीन. तयार कॉन्फिगमध्ये हा आकडा ५ असतो, तो तसाच राहिला तर मशीन आळसावून बसलेलं असतानाही वाचक ताटकळतात. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ची मर्यादा गाठल्याची सूचना सारखी येत असेल तर आकडा लगेच वाढवू नका. आधी स्लो-लॉग (रेंगाळलेल्या मागण्यांची नोंद) चालू करून पीएचपी कुठे अडकतंय ते बघा. बाहेरच्या एखाद्या एपीआयची (दुसऱ्या साइटच्या सेवेची) वाट बघत बसलेलं विजेट पंचवीसच्या पंचवीस प्रोसेस गिळू शकतं.

आणि हो, येणारे सगळे माणसंच असतात असंही नाही. अ‍ॅक्सेस लॉग उघडून डब्ल्यूपी-लॉगिन आणि एक्सएमएल-आरपीसी या दोन फाइलींवर किती मागण्या आल्यात ते मोजा. पासवर्ड चाचपडणारे बॉट रात्रंदिवस तिथे असतात, आणि त्यांच्या मागण्या कॅशमधून जात नाहीत, थेट पीएचपीवर आदळतात. एक्सएमएल-आरपीसी वापरत नसाल तर सर्व्हरवरच बंद करा आणि लॉगिनला एनजिनएक्समध्ये वेगमर्यादा घाला.

बाकीच्या सर्व्हरांबद्दल दोन ओळी. लाइटस्पीड चांगला आहे, अपाचेच्या .एचटीअ‍ॅक्सेस (फोल्डरपुरत्या सेटिंगच्या) फाइली वाचतो, शेअर्ड होस्टिंगवाल्यांना म्हणून आवडतो, पण पैसे पडतात. त्याचा मोफत भाऊ ओपनलाइटस्पीड .एचटीअ‍ॅक्सेसमधले रीराइटचे (पत्ते वळवण्याचे) नियमच पाळतो आणि फाइल बदलली की रीस्टार्ट मागतो. कॅडी हा एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आपणहून आणतो आणि नवं करतो, कॉन्फिग चार ओळींत होतं. एकट्या माणसाने नवीन छोटी साइट उभी करायची असेल तर मी आज कॅडी सुचवेन. चालू वर्डप्रेससाठी नाही, कारण एनजिनएक्ससारखी कॅश त्यात मुळात येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू. नेटफ्लिक्सचं उदाहरण खरं आहे. त्यांची व्हिडिओ पाठवणारी मशीनं फ्रीबीएसडी आणि एनजिनएक्सवर चालतात, आणि एका मशीनमधून सेकंदाला ४०० गिगाबिट बाहेर काढल्याचं त्यांच्या इंजिनिअरांनी २०२१ मध्ये दाखवलं. पण ते काय पाठवतात ते बघा. डिस्कवरच्या मोठमोठ्या तयार फाइली. फाइल डिस्कवरून थेट नेटवर्कवर, मधे कमीत कमी हात लागावेत यासाठी त्यांनी सेंडफाइल आणि कर्नलमधलं टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) यांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यासाठी कर्नल लिहिणारी माणसं पदरी ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपनेही २०१२ मध्ये फ्रीबीएसडी आणि अर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेवर एका मशीनवर वीस लाखांवर जोडण्या धरल्या होत्या. तुमचं दुखणं पीएचपी आणि मेमरीचं आहे. फ्रीबीएसडीवर गेलात तरी २०० मिलिसेकंदांचे २०० मिलिसेकंदच राहतील.

फ्रीबीएसडी मला व्यक्तिशः आवडतं. झेडएफएस या फाइलसिस्टिमचे स्नॅपशॉट, अपग्रेड फसला तर जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटवर परत जाण्याची सोय, जेल्स (प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारे कप्पे), आणि मॅन्युअल असं की प्रश्न विचारायची वेळच कमी येते. पण तुमच्या गावात रात्री अकरा वाजता फोन उचलून ते दुरुस्त करणारा माणूस आहे का? उबुंटू येणारा मुलगा तालुक्याला मिळतो.

लिनक्सांमध्ये वेगाचा फरक शोधण्यात वेळ घालवू नका, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. सेंटओएस हे लिनक्स वापरणाऱ्यांना याचा चटका बसला. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत २०२१ च्या अखेरीस संपवणार असल्याचं जाहीर केलं. त्यातून रॉकी आणि अल्मा निघाले, दोन्ही चांगले आहेत. सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं, तरी त्यावर चालणारी मशीनं अजून भेटतात. उबुंटूची एलटीएस (लांब मुदतीची) आवृत्ती घेतली तर पाच वर्षं मिळतात, २४.०४ ला २०२९ पर्यंत. डेबियनला नेहमीची तीन आणि एलटीएसची दोन धरून पाचच. दोन्हींपैकी ज्याची सवय आहे ते ठेवा. अल्पाइन लिनक्स मात्र केवळ आकाराने लहान म्हणून पीएचपीसाठी घेऊ नका. त्यातली सी लायब्ररी ग्लिबसी नाही, मसल आहे, आणि तिच्या मेमरी वाटपामुळे पीएचपी काही वेळा उलट हळू पडतं.

ओळखीच्या गृहस्थांच्या विंडोजबद्दल. आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर वाईट नाही. जुनं एएसपी डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हरवर उभं असलेलं सॉफ्टवेअर असेल तर तेच घ्या. वर्डप्रेससाठी मात्र लायसन्सचे पैसे भरून, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या पॅचनंतर रीबूट करत बसण्यात काय मिळणार? त्या पैशांत मशीनची मेमरी दुप्पट होईल.

मशीन कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. टीसीपीच्या जोडणीला एक फेरी, टीएलएस १.३ ला एक, मागणी आणि उत्तराला एक. अमेरिकेतल्या सर्व्हरला एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची धरली तर पहिलं अक्षर यायच्या आत ६०० गेले. मुंबईतल्या डेटा सेंटरला हीच फेरी महाराष्ट्रातून थोड्याच मिलिसेकंदांत होते. सर्व्हर मुंबईत आणण्याने वाचकाला जो फरक जाणवेल तो अपाचे-एनजिनएक्सच्या बदलाने कधीच जाणवणार नाही.

व्हीपीएसचा प्रकारही तपासा. ‘टॉप’मध्ये ‘एसटी’ नावाचा आकडा असतो. शेजारची गिऱ्हाइकं तुमच्या वाट्याचा प्रोसेसर किती खाताहेत ते तो सांगतो. गर्दीच्या वेळी तो सतत पाच-दहा टक्क्यांवर असेल तर कॉन्फिगशी झटापट करण्यापेक्षा घर बदला. अ‍ॅमेझॉनचं टी३ मीडियम घेतलंत तर तेही २ कोअर, ४ जीबीच आहे, पण प्रत्येक कोअरचा हमीचा वाटा २० टक्केच. त्याच्या वरचं काम साठलेल्या क्रेडिटवर चालतं. ऐन मतमोजणीत ती संपली की एकतर वेग पडतो नाहीतर बिल वाढतं, कोणता पर्याय निवडलाय त्यावर.

बाकी ‘भरवसा’ म्हणून जे विचारलंत त्यात सॉफ्टवेअरच्या निवडीचा वाटा लहान आहे. साइट बंद पडतात त्या डिस्क भरल्याने आणि सर्टिफिकेट संपल्याने. लॉगरोटेट (जुने लॉग काढून टाकणारं साधन) चालतंय का ते बघा, डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेसेज यायला हवा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, आणि मुदत संपत आल्याची ईमेल ते पूर्वी पाठवायचे ती त्यांनी जून २०२५ पासून बंद केली, म्हणजे लक्ष ठेवायचं काम आता तुमचंच. सुरक्षा अपडेट आपोआप बसू द्या. एनजिनएक्सचं कॉन्फिग बदलल्यावर आधी ‘-टी’ लावून तपासा आणि मग रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात, चालू वाचकाची जोडणी तुटत नाही. आणि बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवा, दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनवर उतरवून बघा.

हे सगळं बसवल्यावर चाचणी घ्या, पण त्याच मशीनवरून नाही. त्याच मशीनवर लोड टाकणारं साधन चालवलं तर तेही तेच दोन कोअर खातं आणि आकडे फसवे येतात. मुंबईतच तासाभरासाठी दुसरं मशीन भाड्याने घ्या, त्यावरून डब्ल्यूआरके किंवा के६ चालवा. नुसत्या मुखपृष्ठावर मारू नका, बातमीची पानं, शोध आणि जुने दुवे सगळे मिसळा. शोधाचं पान कॅशमध्ये बसत नाही, तिथे सेकंदाला दहाचीच मर्यादा लागू राहते. मतमोजणीच्या दिवशी शोधाची खिडकी सरळ बंद ठेवा आणि निकालाचं पान वर्डप्रेसबाहेर साध्या एचटीएमएल फाइलीत ठेवून दर मिनिटाला स्क्रिप्टने नवं करा. त्या फाइलीसाठी एनजिनएक्सला पीएचपीही लागत नाही आणि मायएसक्यूएलही लागत नाही.